खंडेनवमीला उघडलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर उघडायला तीन गोष्टी लागतात. मुहूर्त, अक्कल आणि स्क्रूड्रायव्हर. भाजे गावच्या महिपती पडवळाकडे त्या दिवशी यातला फक्त स्क्रूड्रायव्हर होता, आणि तोही दुसऱ्या चहापर्यंतच टिकला.

दिवस खंडेनवमीचा. महिपती तळेगावच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होता. तिथे आदल्या दिवशीच यंत्रांची पूजा उरकून सुट्टी दिलेली. सुट्टीत शहाण्या माणसाने झोपावं. पण वर्षभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणाऱ्या माणसाला सुट्टीत स्वतः एखादी चूक करून बघायची हौस येते, आणि महिपतीला ती फार यायची.

घरचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत. जुना, सुटे भाग जुळवून केलेला. बटण दाबलं की आतली डिस्क आधी कण्हायची, मग खोकायची, मग बराच वेळ विचार करायची. तोवर खाली महिपतीच्या बायकोची, नंदाची, भाकरी थापून, भाजून टोपल्यात पडलेली असायची. यावर उपाय म्हणून महिपतीने नव्या जातीची डिस्क घरबसल्या मागवली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते. या नवीत काहीच फिरत नाही. दिसायला च्युइंगमची पट्टी. नंदाने ती डोळ्यांजवळ धरून विचारलं होतं, "अहो, खोका एवढा मोठा आणि आत एवढंसंच? परत करा, फसवलंय तुम्हाला."

"ह्यात आपलं आख्खं गाव मावेल," महिपती म्हणाला.

"गाव मावून काय करायचं? पोरीचं काम मावतंय का ते बघा."

पोरीचं काम. इथेच सगळी ग्यानबाची मेख होती. समीक्षा त्यांची एकुलती एक. वास्तुकला शिकलेली. दिल्लीच्या एका संस्थेत जुन्या दगडी कामाचं जतन शिकवतात, तिथे शिष्यवृत्तीची एकच जागा निघाली होती. त्या जागेसाठी समीक्षाने भाज्याची लेणी वर्षभर मोजली. उन्हात, चिखलात, सेल्फीवाल्यांच्या गर्दीत, खांब न् खांब, कमान न् कमान. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं तिच्या मैत्रिणीच्या, प्रेरणाच्या. ती सगळी चित्रं त्या खोकणाऱ्या डिस्कमध्ये होती. एक प्रत पेनड्राइव्हवर होती, पण ती जुनी. शेवटची आणि खरी चित्रं आज पहाटेच पुरी झालेली. आज संध्याकाळी सहाच्या आत ती एका फाइलीत बांधून दिल्लीला पाठवायची. सहा वाजले की दिल्लीवाल्यांचं दार आपोआप बंद.

पहाटेपर्यंत जागून समीक्षा झोपली. फाइल बांधणं तेवढं राहिलं होतं. महिपतीच्या मनात आलं, पोर उठायच्या आत नवी डिस्क बसवून टाकू. उठेल, बटण दाबेल, कॉम्प्युटर घोड्यासारखा पळेल, आणि पोर म्हणेल, पप्पा!

पोर पप्पा म्हणालीच. फक्त वेगळ्या आवाजात.

त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात टोपी उलटी घातलेला एक हिंदी भाषक इसम "बहुत ही आसान है दोस्तो" म्हणत हसत होता. असल्या लोकांना एकदा पकडून त्यांच्याच घरच्या कॉम्प्युटरसमोर, त्यांच्याच पोरीच्या शेवटच्या तारखेला बसवलं पाहिजे. मग बघू किती आसान आहे ते. तर महिपतीने खोक्याची बाजू काढली. नव्या डिस्कची खाच सापडेना. सापडली तेव्हा ती पंख्याच्या पोटाखाली दडलेली. हा पंखा कॉम्प्युटरच्या मेंदूला गार ठेवतो. तो नसला तर मशीन चालू होतं न होतं तोच तापून बंद पडतं. पंख्याला चार स्क्रू, खोल भोकात बसलेले, फुलीच्या डोक्याचे. महिपतीने चारी काढले, पंखा उचलला, खाली वाळलेल्या चुन्यासारखा थर होता तो पुसला, नवी पट्टी खाचेत सरकवली. कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर तेज.

मागच्या आळीतून सकाळपासून ठोकाठोक चालली होती. ठक्, ठक्, ठक्. "सुट्टीच्या दिवशीही जिवाला शांतता नाही," असं म्हणत त्याने खिडकी लावून घेतली. ही खिडकी लक्षात ठेवा.

"अहो, चहा!" खालून हाक आली. काम जवळजवळ झालंच होतं. चार स्क्रू पिळायचे, बस. महिपती खाली गेला, बशीतून चहा प्यायला, आणि वर आला तर स्क्रूड्रायव्हर नाही.

टेबलाखाली बघितलं, खोक्यात बघितलं, शेवटी स्वतःच्या कानावर चाचपून बघितलं. नाही. आणि खोक्याच्या कपाळावर मात्र कुंकवाचं ओलं बोट उमटलेलं.

"आई!" महिपती जिन्यावरूनच ओरडला.

अंबूबाई, महिपतीची आई, देवघरात घटासमोर पाट मांडून बसली होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात हे महिपतीला काय माहीत नव्हतं? पण हत्यार म्हणजे कोयता, कुऱ्हाड, पहार. म्हातारीने घर धुंडाळून जे जे धारेचं, टोकाचं, लोखंडाचं, ते ते पाटावर आणलं होतं. विळा, फावडं, विळी, सुरी, कात्री, नंदाच्या शिलाई मशीनची सुई, आणि मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर. हळद लागली होती, कुंकू लागलं होतं, उदबत्ती पेटली होती.

"आई, तो दे. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई."

"अगं, पोरीचं..."

"घटाम्होरं बसलेलं हत्यार शिलंगाण व्हईस्तवर हालत न्हाई. उद्या सोनं लुटलं की घे. तुज्या चुलत्यानं असाच नवमीला कोयता उचललावता. अंगठा कुटं गेला त्याचा?"

"चुलत्याचा अंगठा कापणीयंत्रात गेला. उन्हाळ्यात!"

"पर उचललावता नवमीला."

या तर्कापुढे कारखान्यातले इंजिनिअरही हात टेकतील. आता खरी गंमत सांगतो. हाच महिपती कारखान्याच्या कँटीनमध्ये अंधश्रद्धेवर तासभर बोलायचा. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या ड्रायव्हरला त्याने एकदा भर बसमध्ये झापलं होतं. पण आईसमोर पाटावरचं फूल उचलायची त्याची छाती होईना. तो नुसता बघत राहिला. पाटावरून स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात समीक्षा उठून आली. जिन्यात उभी राहून तिने वर बघितलं, खाली बघितलं, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"पप्पा. तुम्ही पंखा काढलात?"

"बसवतोच आहे."

"कशाने?"

महिपतीने पाटाकडे बोट दाखवलं. समीक्षाने आजीकडे बघितलं. अंबूबाईचा जीव या नातीवर एवढा, की तिच्या वाट्याचा लाडू ती देवाच्या आधी बाजूला काढायची. पण तिने नकारार्थी मान हलवली. "बाई, तुज्याचसाटी म्हणते. आज हत्यार हाललं आन् तुजं काम फिसकाटलं तर मी कुणाला त्वांड दाखवू?"

इथून पुढे पडवळांच्या घरात घड्याळ मोठ्याने वाजायला लागलं.

महिपतीने आधी नेलकटर आणलं, कारण घरातली तेवढी एकच धारेची वस्तू अंबूबाईच्या नजरेतून सुटली होती. त्याची कानस भोकात घातली, पिळली, आणि ती आतच तुटली. रुपयाचं नाणं भोकात जाईना. चमच्याचं टोक वाकलं. स्वयंपाकघरात नंदा दुधी भोपळा पायरीवर आपटून फोडत होती, कारण सुरीही पाटावर. तिचा प्रत्येक दणका महिपतीच्या काळजात बसत होता, आणि तिचीही तशी इच्छा असावी.

शेजारचे कोंडाजीआबा आले. रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. गावात कुणाच्या घरी काही मोडलं की यांना आधी कळतं. त्यांनी खोक्यात वाकून बघितलं.

"ह्यो पंखा व्हय? आमी आख्खा रूळ बसवायचो, गाडी यायच्या आत."

"कशाने बसवायचात, आबा?"

"पान्ह्यानं."

"मग आणा ना पान्हा. स्क्रूड्रायव्हर असेल तर उत्तमच."

"आरं, आज?" आबांनी कानाला हात लावले. "पूजंत हाय सगळं. तू आसं कर, तारंनं बांध त्याला. न्हाईतर शेणानं लिंपून टाक. मातीपरास शेण गार ऱ्हातं." आणि एवढी मदत केल्याबद्दल चहा पिऊन गेले.

महिपतीने कारखान्यात फोन लावला. गेटवर पहारेकरी होता. महिपती म्हणाला, टूलरूममधून एक स्क्रूड्रायव्हर काढून ठेव, मी येतो.

"साहेब, सुट्टीच्या दिवशी आत यायला पास लागतो."

"मग पास दे."

"पासवर मॅनेजर साहेबांची सही लागते. साहेब गावाला."

"फोनवर विचार त्यांना."

"विचारतो. पण टूलरूमला कालच कुलूप घालून वर हळदीकुंकू लावलंय साहेब. तुमच्याच हातचा नारळ आहे. ग्रुपवर फोटोसुद्धा आलाय, तुमचे डोळे मिटलेत त्यात."

फोन ठेवून महिपतीने तो फोटो उघडला. खरोखरच. डोळे मिटून, हात जोडून, अंधश्रद्धेवर तासभर बोलणारा महिपती पडवळ दीडशे स्क्रूड्रायव्हरांना मनोभावे नमस्कार करत होता.

"लोणावळ्याला चला," समीक्षा म्हणाली. "निलेशमामाकडे."

निलेश हा नंदाचा भाऊ. लोणावळ्यात त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्याकडूनच डिस्क घ्यायला हवी होती, असं नंदाचं मत. त्याच्याकडून सोडून कुठूनही घ्यायची, असं महिपतीचं. कारण निलेश फार बोलायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलायचा. मेव्हण्याचा याहून मोठा गुन्हा नसतो.

स्कूटर काढली. पुढे महिपती, मागे समीक्षा, तिच्या मांडीवर उघडा खोका, खोक्यातून लोंबणाऱ्या वायरी, आणि मुठीत घट्ट धरलेले चार स्क्रू. मळवली ओलांडून कार्ला फाट्याला पोचले तर रस्ता गच्च. एकवीरेला नवमीची गर्दी. ढोल, पालख्या, बस, टेम्पो. त्यात मुंबईच्या गाड्या, सुट्टी लागली की घाटात येऊन हवा खाणाऱ्या. हवा खातात, चिक्की खातात, आणि आमचा रस्ता खातात. फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा फुलवाला म्हणाला, "शेठ डोंगरावर गेलेत, होमाला. हार देऊ का?"

"मला लोखंड पाहिजे!" महिपती ओरडला.

"मग झेंडू घ्या. आज लोखंडाला तोच लागतो."

एका गाडीची काच खाली झाली, आतून गॉगलवाली बाई म्हणाली, "भैया, ये कंप्यूटर भी देवी को चढ़ाते हैं क्या?" आणि तिने फोटो काढला. समीक्षा मुठीतले स्क्रू बोटाने मोजत होती, पुन्हा पुन्हा. महिपतीला आरशात तिचा चेहरा दिसला. पोर आरडाओरडा करत असती तर बरं झालं असतं.

लोणावळ्यात पोचले तोवर ऊन कलायला लागलं होतं. निलेशच्या दुकानाला झेंडूचं तोरण. काउंटरवर ट्रे, ट्रेमध्ये लहानमोठे स्क्रूड्रायव्हर, चिमटे, सोल्डरिंगची पेन, सगळ्यांना कुंकू. निलेश नवा सदरा घालून पेढे वाटत होता.

"या दाजी! ऐकलं मी ताईकडून. ऑनलाइन मागवलंत ना?"

"हो."

"मग बसवूनही ऑनलाइनच घ्या."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. समीक्षा पुढे झाली. "मामा, सहाला बंद होतंय. माझं सगळं काम आत अडकलंय. चार स्क्रू फक्त. मी पिळते, तू हातही लावू नको."

निलेशचं हसू गेलं. त्याने भाचीकडे बघितलं, मग ट्रेकडे. "समू, आज उचलत नाही गं आम्ही. धंद्याचं दैवत आहे ते." पण त्याचा हात ट्रेकडे गेला. खरंच गेला. फुलाच्या वर येऊन थांबला, आणि नेमका तिथेच त्याच्यातला मेव्हणा जागा झाला. "देवीची माफी मागेन मी. पण दाजी, एक करा. एकदा फक्त म्हणा, निलेश, मला जमलं नाही."

एवढंच वाक्य. मुठीत मावेल एवढं. समीक्षा बापाच्या तोंडाकडे बघत होती. महिपतीच्या घशाशी शब्द आलेही होते, पण ती दोन गिऱ्हाइकं पेढे चघळत कान टवकारून उभी. आणि कारखान्यात जो माणूस इतरांच्या मालावर 'नापास'चा शिक्का मारतो, त्याला स्वतःवर तो मारता येत नाही.

"व्हिडिओत पंखा वेगळा होता," महिपती म्हणाला. "आणि तुझ्या त्या कळकट हत्यारांनी माझं मशीन बिघडलं असतं."

निलेशने हात मागे घेतला. "पेढा घ्या," तो थंडपणे म्हणाला.

परत येताना समीक्षा फक्त एकदा बोलली. "पप्पा, ते वाक्य किती अवघड होतं?"

वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं महिपतीने दाखवलं. खरं तर वारा नव्हता. गाड्या जागच्या हलत नव्हत्या, धूर सरळ वर जात होता, आणि फाट्यावर पोचायला लागलेला प्रत्येक क्षण दिल्लीच्या दाराची एकेक कडी लावत होता. महिपतीला एकदम पोरीचं वर्ष दिसलं. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवरून घसरून गुडघा फुटलेला, तरी टेप सोडली नव्हती तिने. आणि आपण एक वाक्य सोडलं नाही.

घरी पोचले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. समीक्षाने खोका टेबलावर ठेवला, वरची खिडकी उघडली. मागच्या आळीतून आवाज घुसला. आता ठक्ठक् नव्हती. ड्रिल चाललं होतं. घर्रर्र. घर्रर्र.

समीक्षा एकदम ताठ झाली. "पप्पा, ऐकलंत?"

"सकाळपासून ऐकतोय. थांब, बंद करायला सांगून येतो."

"बंद?" समीक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. "पप्पा, आख्ख्या मावळात आज हत्यारं झोपलीयत. तिथे ड्रिल चाललंय. त्यांच्यात खंडेनवमी नसते!"

आता हे सांगायलाच हवं. गावात तिला मागची आळी म्हणतात. कुणाच्या मागची, हे कुणी विचारत नाही. तिथे बौद्ध घरं, आणि घरांच्या मधे विहार. उद्या विजयादशमी, त्यांचा धम्मदीक्षेचा दिवस. विहारासमोर सकाळपासून मांडव चालला होता. प्रेरणा तिथलीच. तिचे वडील भिमाजी ओव्हाळ महिपतीच्याच कारखान्यात स्टोअरला. रोज एकाच बसने जातात, शेजारी बसतात, राजकारणावर भांडतात. दुपारी भिमाजी डबा पुढे करतो, तेव्हा महिपती पोटावर हात ठेवून म्हणतो, "माझं डाएट चाललंय." हे डाएट वर्षानुवर्षं चाललंय आणि महिपतीचं पोट वर्षानुवर्षं वाढतंय. महिपती काही वाईट माणूस नाही. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणेल, मी जातपात मानत नाही. पण अडचण आली तेव्हा त्याच्या डोक्यात कारखाना आला, कार्ला फाटा आला, लोणावळा आला. खिडकीखालचं घर आलं नाही. आवाज येत होता, तर त्याने खिडकी लावून घेतली. आपल्याकडे हे असंच चालतं, आणि वर आपण म्हणतो, गाव एक आहे.

"तू जा ना," महिपती म्हणाला. "प्रेरणा तुझी मैत्रीण आहे."

"स्क्रू तुम्ही काढलेत," समीक्षा म्हणाली. "तुम्ही जा."

महिपती गेला. मागच्या आळीचं अंतर असं काही नाही, पण त्याला ते लोणावळ्यापेक्षा लांब वाटलं. मांडवात भिमाजी स्टुलावर चढून खांबाला ट्यूबलाइटची पट्टी बसवत होता. हातात स्क्रूड्रायव्हर. फुलीच्या टोकाचा. महिपतीला तो पाटावरच्या देवापेक्षा तेजस्वी वाटला.

"अरे, पडवळ!" भिमाजी वरूनच म्हणाला. "वाट चुकलास?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. पताका लावणाऱ्या बायका थांबल्या. काहीतरी बहाणा करावा, मांडव बघायला आलो म्हणावं, असं महिपतीच्या मनात येऊन गेलं. आणि मग लोणावळ्यात गिळलेलं वाक्य आपोआप वर आलं.

"भिमाजी, मला जमलं नाही."

"काय जमलं न्हाई?"

"कॉम्प्युटर उघडला आणि बसवता येईना. समीक्षाचं सगळं काम आत आहे. सहाच्या आत गेलं नाही तर तिचं दिल्लीचं गेलं. आईने स्क्रूड्रायव्हर पूजेत ठेवला. कुणीच देईना. तुझा दे."

भिमाजीने स्टुलावरून त्याच्याकडे नीट बघितलं. "सकाळी उघडलास?"

"सकाळी."

"आन् आत्ता आलास."

महिपतीने स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला.

"कुटं कुटं गेलतास?"

"कारखान्यात फोन केला. फाट्यावर गेलो. लोणावळ्याला."

"लोणावळ्याला!" भिमाजी हसला, पण ते हसू फार गोड नव्हतं. "तिकडनं आमची आळी जवळ पडती व्हय? मी तुज्या खिडकीखाली दिवसभर हातोडा बडवतोय, आन् हा बाबा लोणावळ्याला! देतो. पर ही पट्टी लोंबकळतीय, सोडली तर पोरांच्या डोक्यात पडंल. धर खालनं."

"अरे, सहा..."

"धर म्हणतो ना. लेण्यांत टेपचं दुसरं टोक माज्याच पोरीनं धरलंवतं. मला काय तारीख म्हाईत न्हाई?"

महिपतीने दोन्ही हातांनी पट्टी वर धरली. भिमाजी पिळत होता. एक पेच. दुसरा पेच. महिपतीचे दंड भरून आले होते, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि रस्त्यावरून नेमके कोंडाजीआबा चालले होते. ते थांबले. महिपती पडवळ, मागच्या आळीत, विहाराच्या मांडवात, हात वर करून उभा. आबांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना.

"काय आबा," भिमाजी वरून म्हणाला, "तुमी बी धरता का?"

आबांनी घाईघाईने आपली वाट धरली. भिमाजीने शेवटचा पेच पिळला, उडी मारली, स्क्रूड्रायव्हर महिपतीच्या हातात कोंबला. "पळ आता. तुला जमतंय का, का मी यू?"

"प्रेरणाला पाठव," पळता पळता महिपती म्हणाला. तेवढा शहाणपणा त्याला आता आला होता.

घरात दारातच अंबूबाई. तिची नजर थेट महिपतीच्या मुठीवर. "आजच्या दिशी हत्यार?"

"आई, हे आपल्या घरचं नाही. पूजेतलं नाही."

अंबूबाईने विचार केला. घरचं असतं तर गोष्ट वेगळी; परक्याच्या हत्याराला आपला नेम लागू नाही. "आपलं न्हाई ना? मग चालतंय," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. मग पाठीमागून विचारलं, "पर कुणाचं?"

महिपती जिन्यावर थांबला. घड्याळ त्याला ऐकू येत होतं. "भिमाजीचं. मागच्या आळीतल्या."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंबूबाईने पदर सावरला. महिपती वाट बघत होता, आता काय ऐकायला लागतंय याची.

"मग सकाळीच जायचं हुतं की रं, मुडद्या!" म्हातारी कडाडली. "पोरीला उन्हातान्हात लोणावळ्याला फिरवलंस ते?"

वर समीक्षाने पंखा जागेवर धरला, मागोमाग धावत आलेल्या प्रेरणाने टॉर्च धरला, आणि स्क्रू महिपतीने पिळले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा त्याच्या घामट बोटांतून निसटला, खोक्यात पडला, टणटण करत कुठेतरी खाली गेला. प्रेरणाने खोका सरळ उचलून उलटा केला आणि हलवला. स्क्रू पडला. नेलकटरची तुटलेली कानसही पडली. "हे काय आहे?" तिने विचारलं. "पप्पांचा स्क्रूड्रायव्हर," समीक्षा म्हणाली.

चौथाही पिळला आणि बटण दाबलं. डिस्क कण्हली, खोकली, विचार करायला लागली. महिपतीने आयुष्यात इतक्या मनापासून हात कुठल्याच यंत्राला जोडले नव्हते, कारखान्यातल्या त्या फोटोतला नमस्कार धरून. पंखा फिरला. पडदा उजळला. नवी डिस्क कोपऱ्यात दिसली, रिकामी, चकचकीत. समीक्षाने चित्रं तिच्यावर ओढली. मग फाइल बांधायला लावली तेव्हा ती रोजच्यासारखी अडली नाही. सरसर सरसर पानं भरत गेली. चैत्याची कमान, खांबांची रांग, मागचा स्तूप. घड्याळाचा काटा सहाला टेकायला आला होता. पाठवायचं बटण समीक्षाने दाबलं. गोल फिरत राहिलं. फिरत राहिलं. खाली नंदाने भाकरी थापणं मध्येच थांबवलं.

"पोचलं," समीक्षा म्हणाली आणि खुर्चीतच रडायला लागली.

महिपती खिडकीपाशी गेला. बाहेर मांडवातली ट्यूब लागली होती. पट्टी जरा तिरकी दिसत होती. त्याच्याच हातांचा दोष.

दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं आणि आख्ख्या गावाची हत्यारं मोकळी झाली. कोंडाजीआबा झेंडूची पाकळी चिकटलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. "घे महिपती. आता लागंल तेवढा वापर." निलेशचा फोन आला, समूसाठी मी स्वतः येतो म्हणाला. अंबूबाईने पाटावरचा लाल मुठीचा तेवढा तसाच राहू दिला, महिपतीच्या हाती पुन्हा लागू नये म्हणून. भिमाजीचा स्क्रूड्रायव्हर मात्र तिने पदराने लख्ख पुसला. कुंकवाकडे गेलेलं बोट मागे घेतलं, "त्यांच्यात लावत न्हाईत," असं स्वतःशीच म्हणाली, आणि पुड्यात नवरात्रातल्या खुसखुशीत कडाकण्या बांधून दोन्ही महिपतीच्या हातात दिली. "मागनं जाऊ नको. म्होरल्या रस्त्यानं जा."

महिपती पुढच्या रस्त्याने गेला, स्क्रूड्रायव्हर उघड्या हातात धरून. मांडवात भाषणं संपली होती, पंगत बसायची होती. भिमाजीने स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक नखाने तपासलं, खिशात खोचला. मग एक पत्रावळ पुढ्यात सरकवली.

"बस," तो म्हणाला. "आन् आज डाएटचं नाव काढलंस, तर पट्टी परत उतरवीन आन् पुन्यांदा धरायला लावीन."

महिपती बसला.